आवळा केव्हा तोडावा?

कार्तिक शुद्ध द्वादशीच्या सायंकाळी गोमंतकातील घराघरांच्या अंगणात तुळशीचे लग्न लागते, तेव्हा वृंदावनात तुळशीशेजारी ऊस, चिंचेची डहाळी आणि फळांनी लगडलेली आवळ्याची फांदी रोवलेली असते. तिकडे माळव्यात त्यापूर्वी तीनच दिवस, नवमीला, आवळीच्या झाडाची पूजा होते आणि कुटुंबेच्या कुटुंबे तिच्या सावलीत पाने मांडून जेवतात. वडीलधारी माणसे मुलांना बजावीत आलेली आहेत की, तुळशीचे लग्न लागेपर्यंत आवळा, चिंच, बोर तोंडात घालावयाचे नाही. ह्या दंडकाचे कारण विचारले असता घरातील आजी देवाचे नाव सांगते, वैद्यबुवा खोकल्याचे नाव सांगतात आणि शाळेतील मास्तर ही एक जुनी समजूत आहे, एवढे सांगून मोकळे होतात.

परंतु ह्या दंडकाच्या पोटी एक खरा प्रश्न दडलेला आहे. औषधी वनस्पती वर्षभर एकसारखी असते काय? भाद्रपदातला आवळा, कार्तिकातला आवळा आणि माघातला आवळा ही तिन्ही फळे एकाच झाडाची, एकाच नावाची असली, तरी त्यांच्या अंगी असलेले गुण सारखे असतात काय? आणि नसतील, तर बाजारातून आणलेल्या चूर्णाच्या पुडीवर केवळ ‘आवळा’ एवढाच शब्द छापलेला असून भागेल काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर प्रथम आवळीचे वर्ष कसे असते ते पाहिले पाहिजे. कारण हे झाड फार विलक्षण रीतीने आपले वर्ष घालविते. शिशिर संपत आला की त्याची पालवी झडते. आवळीचे पान चिंचेच्या पानासारखे संयुक्त आहे असे सामान्यतः वाटते. पण वस्तुतः ती बारीक बारीक स्वतंत्र पाने धारण करणारी एक कोवळी काडी असते आणि ती काडीच्या काडी गळून पडते. वसंतात नवी काडी फुटते आणि तिच्याच बगलांतून हिरवट-पिवळी, नजरेतही न भरणारी फुले येतात. त्यांत नरफुले फार, मादीफुले थोडी. फलधारणा चैत्राच्या सुमारास होऊन जाते. ह्यानंतर जे घडते, ते इतर फळझाडांच्या बाबतीत क्वचितच पाहावयास मिळते. फलधारणा झालेला तो कणभर गर्भ वाढतच नाही. सगळा उन्हाळा तो निद्रिस्त राहतो. झाडाकडे पाहणाऱ्याला फळाचा मागमूसही लागत नाही. पावसाळा चांगला सुरू झाला, मुळांना ओल मिळाली, म्हणजे आषाढ-श्रावणात हा गर्भ जागा होतो आणि मग झपाट्याने वाढू लागतो. भाद्रपद-आश्विनात फळ दिसू लागते, कार्तिकापासून ते भरते, आणि रानातल्या झाडांवर ते माघ-फाल्गुनापर्यंत टिकून राहते.

म्हणजे आवळ्याच्या फळाने कडक उन्हाळा, मुसळधार पाऊस, आश्विनातला उकाडा आणि थंडी असे चारही प्रकारचे हवामान झाडावरच पाहिलेले असते. एवढ्या मोठ्या प्रवासात त्याचे अंतरंग एकाच स्थितीत राहील, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

प्राचीन वैद्यांनी ही गोष्ट ओळखलेली होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतीचा कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा, ह्याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, झाडाचा गाभा हेमंतात आणि फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावी, असा त्याचा आशय आहे. ह्या विषयावर त्या काळी एकमत होते असेही नव्हे. सुश्रुतसंहितेत काही आचार्यांनी केलेली निराळी वाटणी प्रथम सांगितली आहे आणि मग ती अमान्य केली आहे. सुश्रुताचे म्हणणे असे की, जग सौम्य आणि आग्नेय अशा दोन प्रकृतींचे आहे. तेव्हा सौम्य औषधे सौम्य ऋतूत आणि आग्नेय औषधे आग्नेय ऋतूत घेणे योग्य. मतभेद असला, तरी मूळ सिद्धांत दोघांनाही मान्य आहे. औषधाचे सामर्थ्य वनस्पतीच्या नावात नसून तिच्या अवस्थेत आहे, हा तो सिद्धांत होय.

आवळ्याविषयी तर चरकाने अधिकच बारकाईने लिहिले आहे. वय टिकवून धरणाऱ्या द्रव्यांत त्याने आवळ्याला श्रेष्ठ स्थान दिले. च्यवनप्राशाच्या पाठात ५०० आवळे सांगितले आहेत. रसायनासाठी घ्यावयाची फळे आपल्या काळी पिकलेली, रसाने व वीर्याने पूर्ण भरलेली, ऊन, वारा, सावली आणि पाणी ह्यांनी पोसलेली, पाखरांनी न टोचलेली आणि न सडलेली असावीत, अशी त्याची अट आहे. एका रसायनपादाचे नावच हातांनी वेचलेल्या आवळ्यांवरून पडले आहे. त्यात वाळवून केलेल्या आवळ्याच्या चूर्णाला माघ किंवा फाल्गुन महिन्यात ताज्या आवळ्याच्याच रसाच्या एकवीस भावना देण्यास सांगितले आहे. अन्यत्र, व्रतस्थ राहून आवळीवनात प्रवेश करण्यासाठी पौष, माघ आणि फाल्गुन हेच महिने नेमून दिले आहेत. तुळशीच्या लग्नाची रूढी कार्तिकाकडे बोट दाखविते, चरक पौषापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सांगतो. ह्या दोहोंत विरोध आहे की मेळ आहे, हे ठरविण्यासाठी आता रसायनशाळेकडे वळले पाहिजे.

लोखंड उघड्यावर पडले की गंजते. तेलाची बरणी फार दिवस राहिली की तेल खवट होते. चिरलेले वांगे पाहता पाहता काळे पडते. ह्या तिन्ही ठिकाणी हवेतील प्राणवायू आपले काम करीत असतो. ज्या प्राणवायूवाचून जीव क्षणभरही राहू शकत नाही, तोच प्राणवायू जिवंत पेशीतही काही प्रमाणात असे अस्थिर कण निर्माण करतो की, जे मिळेल त्या रेणूशी झोंबून त्याला बिघडवितात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये पेशीजवळ असावी लागतात. ती स्वतः पुढे होऊन तो मारा झेलतात आणि पेशीचा मौल्यवान भाग वाचवितात. ह्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये, असे म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वनस्पती ही द्रव्ये माणसाच्या औषधासाठी तयार करीत नाही. ती तयार करते ती स्वतःसाठी. झाडाला जागा सोडून सावलीत जाता येत नाही. प्रखर ऊन, पाण्याची टंचाई, थंडी, किडी, बुरशी ह्या सर्वांना त्याला उभ्या जागीच तोंड द्यावे लागते. कोवळ्या फळाच्या आत अजून रुजण्यास योग्य झालेले बी नसते; अशा वेळी ते पाखरांनी किंवा जनावरांनी खाल्ले, तर झाडाचा सारा खटाटोप वाया जातो. म्हणून कोवळे फळ तुरट असते. बी तयार झाल्यावर मात्र कोणी तरी ते फळ खावे आणि बी दूर नेऊन टाकावे, ह्यातच झाडाचे हित असते. म्हणून पुढे तुरटपणा कमी होतो. ऋतूप्रमाणे झाडाची गरज पालटते आणि गरजेप्रमाणे त्याचे रसायन पालटते. प्राचीनांनी ज्याला वीर्याचा भर म्हटले, त्याची एक बाजू ही आहे.

आवळ्यात ह्या संरक्षक द्रव्यांचे दोन मोठे गट आहेत. एक क जीवनसत्त्वाचा आणि दुसरा टॅनिन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुरट द्रव्यांचा. पहिल्याची कथा यूरोपात सुरू होते. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी ह्यांनी १९२८ साली एक आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले. तेच क जीवनसत्त्व होय, हे १९३२ साली सिद्ध झाले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि शेवटी माणूस दगावतो. हाच स्कर्व्हीचा रोग. कुत्रा, शेळी, गाय ही जनावरे हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते साधत नाही. त्याला ते फळाफुलांपासून आणि भाजीपाल्यापासूनच मिळवावे लागते.

हिंदुस्थानात ह्या दृष्टीने फळांची तपासणी सुरू झाली, तेव्हा आवळा सर्वांच्या पुढे गेला. १९३६ साली मद्रासमधील दामोदरन आणि नायर ह्या संशोधकांनी दाखवून दिले की, आवळ्यात एक असे टॅनिन आहे, जे क जीवनसत्त्वाचे रक्षण करते. हे जीवनसत्त्व स्वभावतः फार नाजूक. ते उष्णतेने, हवेने, तांब्याच्या स्पर्शाने नष्ट होते. आवळ्यात मात्र त्याच्या शेजारी एक पहारेकरी उभा असतो. म्हणूनच वाळलेल्या आवळ्यातही त्याचा काही अंश शिल्लक राहतो. ह्या गुणाची कसोटी प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. १९३९-४० साली हिस्सार भागात दुष्काळ पडला आणि स्कर्व्हीने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा आवळ्याचा उपयोग त्या रोगावर यशस्वी रीतीने करण्यात आला. जेथे हिरवे पान दृष्टीस पडत नव्हते, तेथे ह्या सुकलेल्या फळाने माणसांच्या हिरड्या आणि प्राण वाचविले. फळ कोणत्या अवस्थेत तोडले आणि कसे सुकविले, हा प्रश्न विद्वानांच्या करमणुकीचा नव्हे, तो जीवनमरणाचाही होऊ शकतो, हे त्यावरून कळून येईल.

आता ऋतूप्रमाणे ह्या दोन गटांचे काय होते ते पाहू. आवळा लहान, हिरवाकंच आणि टणक असतो, तेव्हा त्याच्या गरात टॅनिनचे प्रमाण फार असते. एक घास घेतला तरी तोंड आकसते. फळ वाढू लागले की शेकडा प्रमाणात टॅनिन उतरत जाते. ह्याच्या उलट, क जीवनसत्त्व फळाच्या वाढीबरोबर चढत जाते आणि फळ पूर्ण तयार होण्याच्या सुमारास शिखर गाठते. त्यानंतर फळ झाडावर फार काळ राहून अतिपक्व झाले, की ते पुन्हा उतरू लागते; गरात दोरेही वाढतात. फळ तयार झाले हे ओळखण्याच्या खुणा बागाईतदारांना ठाऊक आहेत. गडद हिरवा रंग जाऊन पिवळसर झाक येते, साल किंचित पारदर्शक भासते, आणि फोडून पाहिल्यास पांढुरके बी तपकिरी झालेले असते. झाडाच्या दृष्टीने बी तयार झाले, हाच खरा मुहूर्त होय.

मात्र शेकडा प्रमाण आणि एकूण साठा ह्यांत गल्लत होता कामा नये. समजा, पाच ग्रॅमच्या कोवळ्या फळात शेकडा चार टॅनिन आहे आणि चाळीस ग्रॅमच्या तयार फळात शेकडा एक आहे. पहिल्या फळात ते दोन दशांश ग्रॅम भरेल आणि दुसऱ्यात चार दशांश ग्रॅम. शेकडा प्रमाण चौथाईवर आले, तरी फळातील एकूण साठा दुप्पट झाला. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पण कोवळ्या फळातच सारे सत्त्व असते, असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब विसरून चालणार नाही. झाडाने टॅनिन फेकून दिलेले नसते, पुष्कळशा रसात ते विरळ झालेले असते.

ऋतूबरोबर जातीचाही विचार करावा लागतो. बनारसी जातीचा आवळा लवकर तयार होतो, तर चकैया उशिरा, थंडी चांगली पडल्यावर. उत्तर प्रदेशात फैजाबादजवळच्या कुमारगंज येथील कृषी विद्यापीठाने कृष्णा, कांचन यांसारख्या जाती दिल्या. बडोद्यापासून जवळच असलेल्या आणंद येथूनही निवडक जाती प्रसृत झाल्या. कलमी झाडांचे आवळे मोठे आणि रसाळ असतात. रानातले आवळे लहान, दोरेदार आणि अधिक तुरट. जमीन, पाऊस, झाडाचे वय ह्यांमुळेही आकडे हलतात. तेव्हा पंचांगातील एखादी तिथी सर्व प्रांतांना आणि सर्व जातींना सारखीच लागू पडेल, हे संभवत नाही.

ह्या सर्व घडामोडींचे माप घ्यावयाचे कसे, ह्यावर शास्त्रज्ञांतही वाद झालेले आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. ऑक्सिडीभवन रोखण्याची शक्ती मोजण्याची एक सोपी रीत म्हणजे जांभळ्या रंगाच्या एका अस्थिर द्रव्यात फळाचा अर्क मिसळावयाचा. अर्क जितका प्रभावी, तितका जांभळा रंग उडून पिवळट होतो. रीत सुबक आहे, पण रंग कोणी उडविला, टॅनिनने की क जीवनसत्त्वाने, हे तिला सांगता येत नाही. कोवळ्या, तुरट फळाचा अर्क ह्या परीक्षेत भरलेल्या फळाच्याही पुढे जाऊ शकेल. पण स्कर्व्हीच्या रोग्याला त्याचा उपयोग त्या मानाने होणार नाही. कारण त्या रोग्याला कोणतेही रोधक द्रव्य चालत नाही, क जीवनसत्त्वच लागते. ‘सर्वोत्तम ऋतू कोणता’ ह्या प्रश्नाला ‘कशासाठी’ हा प्रतिप्रश्न विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही.

१९९६ साली घोषाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, आवळ्याची ही शक्ती मुख्यत्वे एम्ब्लिकॅनिन नावाच्या दोन टॅनिनांमुळे आहे. क जीवनसत्त्वाचे महत्त्व त्यामुळे एकदम खाली आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र आवळ्याच्या ह्या शक्तीपैकी शेकडा ४५ ते ७० इतका वाटा क जीवनसत्त्वाचाच असल्याचे आढळले. पुढे २००९ सालच्या फेरतपासणीत त्या दोन टॅनिनांच्या अस्तित्वाविषयीच शंका उपस्थित करण्यात आली. आकड्यांचेही तसेच. जुन्या भारतीय कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत ते सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. ही संस्था म्हणजे कुन्नूरहून १९५८ साली हैदराबादेस आलेली तीच जुनी पोषण प्रयोगशाळा होय. हा फरक पाहून कोणी आवळ्याला खोटे ठरवू नये. मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, जाती पालटल्या, नमुन्यांचे ठिकाण आणि अवस्था निराळी झाली, म्हणजे आकडा पालटणारच. शिकावयाचे ते एवढेच की, फळ कोणत्या जातीचे, कोठले आणि कोणत्या महिन्यातले, हे सांगितल्यावाचून आवळ्याचा आकडा सांगणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता पत्र टपालात टाकण्यासारखे आहे.

२००६ सालच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती वैद्यपरंपरेला आनंद देणारी आहे. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देण्याची जी जुनी प्रक्रिया, ती केल्यावर क जीवनसत्त्वाचे प्रमाण शेकडा ०.४० वरून १.२८ वर गेले. ह्यात चमत्कार काही नाही. रसातील पाणी उडून जाते आणि सत्त्व चूर्णात मुरते; पुन्हा रस, पुन्हा तेच. परंतु रस ताजा, भरलेल्या फळाचा असेल तरच ही पुटे कामाची. चरकाने माघ-फाल्गुन का सांगितला, ह्याचे मर्म येथे उलगडते. ज्याला वाळवून ठेवलेल्या चूर्णावर पुन्हा ताज्या रसाची पुटे चढवावयाची आहेत, त्याला हंगामाचे पहिले फळ आणि उत्तरार्धातले भरलेले फळ ही दोन्ही लागतात. रूढीचा कार्तिक आणि संहितेचा माघ ह्यांत म्हणूनच विरोध नाही. कार्तिक हा उंबरठा आहे. त्याच्या आत यावयाचे नाही, एवढेच रूढी सांगते. पूर्णता केव्हा येते, ते संहिता सांगते.

फळ योग्य वेळी तोडले, तरी त्यानंतर स्वयंपाकघरात ते गमावता येते. तुकडे करून कडक उन्हात दिवसेंदिवस वाळविलेल्या आवळकाठीत क जीवनसत्त्व पुष्कळ घटते. सावलीत, वाऱ्यावर लवकर वाळविले तर कमी घटते. मोरावळ्यासाठी फळ फार वेळ उकळून ते पाणी ओतून दिले, तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वही मोरीत जाते. तांब्याचे भांडे ह्या कामी वर्ज्य समजावे. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, ती टॅनिन आणि लोह ह्यांच्या संयोगाची करामत. एके काळी शाई ह्याच तत्त्वावर तयार होत असे. मीठ लावून बरणीत झाकून ठेवलेला किंवा ताजा किसून भाताबरोबर खाल्लेला आवळा अधिक लाभ देतो.

व्यापाराच्या दृष्टीने आवळा गोव्याला नवा नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने हिरड्या-बेहड्यांच्या वर्गात आवळ्याचीही चर्चा केली आहे. जुन्या काळी ही फळे सुकवून जहाजांनी दूर देशी जात. आजचा व्यापार त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि तेथेच ऋतूचा हा प्रश्न गंभीर रूप धारण करतो. औषधी कारखान्यांना लागणारा पुष्कळसा आवळा अद्यापि रानातून येतो. रान कोणा एकाचे नसते. आज आपण फळ ठेवले, तर उद्या दुसरा नेईल, ह्या धास्तीने गोळा करणारा माणूस ते भरण्यापूर्वीच उतरवितो. एकेक फळ वेचण्यास वेळ नसतो, म्हणून फांदीच तोडली जाते. वजनावर पैसे मिळतात, पक्वतेवर मिळत नाहीत. मग त्याने तरी वाट का पाहावी? कर्नाटकातील बिळिगिरिरंगन डोंगरात सोलिग लोक पिढ्यान्‌पिढ्या आवळा वेचीत आले आहेत. तेथे झालेल्या अभ्यासांत फळे उतरविण्याच्या रीतींचा आणि झाडांवर चढलेल्या बांडगुळाचा फळांच्या उत्पन्नाशी असलेला संबंध तपासण्यात आला आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते आणि झाड खंगते. सोलिगांना ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती.

कोवळे फळ तोडले की तीन ठिकाणी नुकसान होते. रोग्याला क जीवनसत्त्वाने रिते औषध मिळते, गोळा करणाऱ्याला हलक्या वजनाचे कमी दाम मिळतात, आणि रानाला बी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींची लागवड व संकलन ह्यांविषयी २००३ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. योग्य ऋतूत आणि योग्य वेळी संकलन करणे हे त्यांतील एक मुख्य सूत्र आहे. परंतु कागदावरचे सूत्र रानात पोहोचावयाचे, तर खरेदी करणाऱ्याने भरलेल्या फळाला अधिक दाम दिले पाहिजे. तसे होईल, त्या दिवशी वाट पाहणे गरिबालाही परवडेल.

शेवटी एका इशाऱ्याची गरज आहे. ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये चांगली, तेव्हा ती जितकी अधिक तितकी बरी, असा समज फैलावला आहे. तो खरा नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग टळावा म्हणून त्यांतील अनेकांना बीटा-कॅरोटीन ह्या रोधक द्रव्याच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. त्यांच्यात तो रोग कमी न होता उलट अधिक आढळला. परीक्षानळीतील जांभळा रंग उडणे आणि मनुष्यदेहातील रोग जाणे ह्यांत फार अंतर आहे. आवळा हे अन्न आहे आणि वैद्याच्या हाती ते औषध आहे. तो सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, असे भारतीय शास्त्रज्ञांनी २०२० साली ठरविले आहे. नव्या कोष्टकाप्रमाणे हिशेब केला, तर तीस ग्रॅम गराचा एक ताजा, भरलेला आवळा ही गरज जवळजवळ भागवितो. एवढ्या अल्प मोलात एवढा लाभ देणारे फळ दुर्मिळच म्हटले पाहिजे.

म्हणून अंगणातल्या वृंदावनात आवळ्याची फांदी रोवण्यापूर्वी तिच्यावरचे एखादे फळ फोडून आतले बी पाहावयास हरकत नाही. ते पांढुरके असेल, तर झाडाचे काम अजून पुरे झालेले नाही, हे समजावे. ते तपकिरी झाले असेल, तर झाडाने आपल्या पुढच्या पिढीची व्यवस्था लावली आहे आणि उरलेला गर ते खुशीने देत आहे. वाट पाहावी, हाताने वेचावे आणि फांदी राखावी, हे तीन नियम जुन्या माणसांनी देवाच्या नावाने सांगितले. रसायनशाळा तेच नियम आता आकड्यांच्या भाषेत सांगत आहे. सांगणारा कोणीही असो, आवळीचे झाड मात्र आपल्या वेळेपूर्वी कोणाचेही ऐकत नाही.